फ्लॉपीतलं शेवटचं प्रकरण

नारायण पेठ, पुणे
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय आम्रपाली,

पाकिटामागचं नाव वाचून तू हे लगेच उघडलं नसणार. आधी बाजूला ठेवलं असशील आणि चहा झाल्यावर उघडलं असशील. सत्तावीस वर्षांनंतर मला तेवढं चालेल. पत्ता सौरभने दिला. तो परवा लक्ष्मी रोडवर भेटला. टक्कल पडलंय, मी ओळखलंच नाही, त्यानेच हाक मारली. पत्ता लिहून देताना म्हणाला, "ताई उत्तर देईल असं धरून बसू नका." शोभतो तुझा भाऊ. फोन नंबरही देत होता, पण मी घेतला नाही. फोनवर तू नुसतं "हं" म्हणाली असतीस, आणि तुझ्या "हं"पुढे मला कधीच काही सुचलेलं नाही.

आधी बातम्या देते. आपलं अक्षरजुळणीचं दुकान मी २०११ साली बंद केलं. खालची पिठाची गिरणी अजून चालू आहे. वर आपल्या खोलीत आता कुणी मोबाइलची कव्हरं विकतो. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. निकिता, जी दुकानात तुझ्या टेबलाखाली बसून रद्द प्रुफांच्या पाठीवर हत्ती काढायची, ती बंगळुरात नोकरी करते आणि आठवड्यातून एकदा मला औषधांबद्दल दरडावते. तिचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला आहे. गुडघे सोडले तर माझं बरं चाललं आहे. शेजारच्या बायका भजनी मंडळात बोलावतात, पण माझा आवाज तुला माहीत आहे. देवाने काय घोडं मारलंय?

मार्चमध्ये माळा आवरायला काढला. आपली कामाची तपकिरी पाकिटं आठवतात? एका पुस्तकाचं एक पाकीट, आत हस्तलिखित, प्रुफं आणि एक फ्लॉपी. सगळी रद्दीत गेली होती, एक मागे राहिलं होतं. रंगनाथ सरांच्या आठवणींच्या पुस्तकाचं. आत निळी फ्लॉपी, आणि चिकटपट्टीवर तुझ्या अक्षरात "रं. सर, शेवटचं प्रकरण, १९ नोव्हें. ९८". ते प्रकरण खरंच तिच्यात आहे का, एवढंच मला बघायचं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

काय झालं होतं ते तुला सांगायला नको, पण मी ते आजवर कुणालाही सलग सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते. रंगनाथ सर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, पंच्याहत्तरीला आलेले. मोतीबिंदू, हाताला कंप. पुस्तक पूर्ण झालं आणि मग त्यांना वाटलं की बायकोवर एक प्रकरण हवं. लिहिता येत नव्हतं, म्हणून एका संध्याकाळी तुझ्या पाळीत येऊन बसले. ते सांगत गेले आणि तू थेट मशीनवर उतरवत गेलीस. कागदावर काहीच नव्हतं. सरांना पडद्यावरचं दिसावं म्हणून तू सौरभकडून त्याच्या संस्थेची सीडी एका संध्याकाळपुरती मागवलीस, तिच्यात मोठ्या ठळक अक्षरांचा मराठी फॉन्ट होता, सीडी आत असेपर्यंतच चालणारा. मी तेव्हा घरी होते. सकाळची पाळी माझी, दुपारी दोननंतर तुझी, ही आपली वाटणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्यासाठी पानं काढायला घेतली तर मशीनमध्ये प्रकरण नाही. सर आणि त्यांचे चिरंजीव दिगंबरराव समोरच्या बाकावर बसलेले. रविवारी सरांचा सत्कार, छापखान्याला चार वाजेपर्यंत पानं हवी होती. तू शांतपणे सांगितलंस की सेव्ह केलं होतं, फ्लॉपीवरही ठेवलंय. फ्लॉपी लावली तर पडद्यावर डोक्यावर टिंबं असलेले इंग्रजी ओ, शेपट्या फुटलेले सी, उलटी प्रश्नचिन्हं. तू म्हणालीस, सौरभची सीडी लागेल, संध्याकाळी आणते. मी म्हणाले, सेव्ह करायला विसरलीस ते सांग की सरळ, सारवासारव कशाला करतेस. सहा वर्षांत तुझी एक ओळ हरवलेली नव्हती. दिगंबरराव मला म्हणाले, "बाई, कामाला जरा नीट माणसं ठेवत जा." तू येरवड्याहून येतेस हे त्यांना ठाऊक होतं, तुझं नाव तर त्यांनी आधीच दोनदा विचारून घेतलं होतं. "नीट माणसं" म्हणजे कुठली नव्हेत, ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं. मी मान हलवली. होकाराची. तू डबा उचललास आणि जिना उतरलीस. सर पुन्हा सांगायला तयार झाले नाहीत. पुस्तक त्या प्रकरणावाचून निघालं. पुढच्या आषाढात सर गेले.

तर फ्लॉपी. ती वाचणारं यंत्र तपकीर गल्लीत, त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळालं. दुकानदाराने फ्लॉपी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाला, "काकू, ही संग्रहालयाला द्या." यंत्र मात्र मागच्या खोक्यातून काढून दिलं. फ्लॉपीने बराच वेळ खरखर केली, दोन जागी अडली, बाकी सगळं उतरलं. आत एकच फाइल. नाव इंग्रजी अक्षरांत "मुक्ताई", म्हणजे सरांच्या पत्नीचं. तारीख १९ नोव्हेंबर, वेळ रात्री आठ बावन्न. ते नाव बघितलं आणि मी लॅपटॉप मिटला. दोन दिवस हात लावला नाही. त्याचं कारण पुढे येईल.

तिसऱ्या दिवशी कुतूहल जिंकलं. फाइल उघडली तर तेच टिंबवाले ओ आणि शेपटीवाले सी. तेव्हा प्रत्येक फॉन्टवाल्याची बाराखडी वेगळ्या खुंट्यांवर टांगलेली असायची, एकाच्या खुंटीवर "क" तर दुसऱ्याच्या त्याच खुंटीवर "ळ". आता सगळ्या जगाने मिळून प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिलाय. सोय झाली, पण जुन्या खुंट्या नव्या मशीनला कळेनाशा झाल्या. सौरभची ती संस्था कधीच बंद पडली. म्हणजे अक्षरं समोर होती आणि ती वाचायची रीत जगातून गेली होती. मला हे विलक्षण वाटलं. मजकूर जागच्या जागी होता, त्यातलं काहीच पुसलं गेलं नव्हतं, तरी तो कुणालाही वाचता येत नव्हता.

शोधता शोधता एका जुन्या एडिटरचा पत्ता लागला. मजकूर लिहायचा साधा प्रोग्राम, पण त्याला जगातल्या कुठल्याही लिपीचा फॉन्ट जोडता येतो, अगदी आपण घरी बनवलेलासुद्धा. गोम एवढीच की तयार मिळतो त्यातून जुन्या, ठिपक्यांनी बनलेल्या फॉन्टांची सोय काढून टाकली आहे. ती हवी असेल तर मूळ कोड उतरवून घ्या आणि एडिटर आपल्या मशीनवर स्वतः बांधा, असं लिहिलेलं. रेडिमेड ब्लाउज बसत नसेल तर कापड आणून शिवायचा, तसंच म्हण की. मी शिवायला घेतला.

बांधण्याआधी तो प्रोग्राम घरात काय काय आहे ते तपासतो. अमुक आहे का, आहे. तमुक आहे का, नाही. आणि "नाही" म्हणून तिथेच थांबतो. कुठे मिळेल, किती वेळाने या, काही नाही. पेठेतल्या दुकानात दुपारी एक वाजता गेल्यासारखं वाटलं मला. मी ते "तमुक" शोधून आणायची, पुन्हा आज्ञा द्यायची, मग तो चार पावलं पुढे जाऊन दुसरंच काही मागायचा. पाच दिवस असे गेले. निकिता फोनवर म्हणाली, आई, एवढा हट्ट कशाला, मी कुणाला तरी विचारते. मी सांगितलं, खबरदार. सहाव्या दिवशी सकाळी त्याने काहीच मागितलं नाही. पडदाभर ओळी धावायला लागल्या त्या वीस मिनिटं धावत होत्या. मी चहा टाकला, दूध उतू गेलं, तिकडे बघायला कोण होतं. शेवटी "बसवा" ही आज्ञा दिली, पासवर्ड टाकला आणि एडिटर उघडला. पांढरीफटक खिडकी. मला टाळी द्यायला कुणीतरी हवं होतं. तू हवी होतीस, हे सरळच लिहिते.

फॉन्टांचं गाठोडं वेगळं उतरवावं लागतं. तिबेटी, इथिओपी, थाई, जॉर्जियन, आणि त्यांच्या घोळक्यात आपली देवनागरी. एडिटरबरोबर नमुन्याचं एक पान येतं, त्यात जगातल्या भाषांत नुसतं "नमस्कार" लिहिलेलं. आधी त्या पानावर रिकाम्या चौकटी होत्या. फॉन्ट बसवल्यावर एकेक चौकट भरत गेली. मी तास दीड तास ते पान बघत बसले. इथिओपी अक्षरं हात वर करून उभी असल्यासारखी दिसतात, तुला आवडली असती. मग एक फॉन्ट पोटातून उघडून पाहिला. आत प्रत्येक अक्षर म्हणजे चौकोनात मांडलेले ठिपके. चोवीस ओळी, चोवीस उभे रकाने. ही तर ठिपक्यांची रांगोळी झाली, म्हटलं, हे मला येतं. आलेखाची वही आणली आणि सरांच्या प्रकरणासाठी फॉन्ट काढायला बसले.

पण कुठल्या खुंटीवर कुठलं अक्षर, ते कोण सांगणार? मग मोजलं. फाइलमध्ये सगळ्यांत जास्त वेळा येणारं चिन्ह उभी रेघ असणार, कारण काना तिचाच आणि अर्ध्या अक्षराला पुरं करणारीही तीच. तिथे मी रेघ काढली. पडद्यावर त्या कचऱ्यात पाचशे रेघा उभ्या राहिल्या. मग वाटलं, पहिला शब्द मुक्ताईंचं नावच असेल. म, उकार, अर्धा क, त, काना, ई. बसलं. त्या सहा चिन्हांवरून आणखी शब्द अर्धेमुर्धे दिसायला लागले, त्यांच्यावरून पुढची चिन्हं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाकलेली, जशी तू आणि मी तेव्हा टाकायचो. रोज दोन-तीन अक्षरं. जून गेला, जुलै गेला. आयुष्यभर मी दुसऱ्यांची पुस्तकं न वाचता टाइप केली, आणि हे सोळा पानांचं प्रकरण मी अक्षर अक्षर करून वाचलं.

तुला ते पाठ असेल. तरीही सांगते. मुक्ताई चौथी शिकलेल्या. सर शाळेतून भूगोलाच्या उत्तरपत्रिका घरी आणायचे आणि त्या आधी मुक्ताई वाचायच्या. मुलाने घोकून लिहिलंय की समजून, हे त्यांना बरोबर कळायचं. समजून लिहिलेल्या पेपरच्या कोपऱ्यात त्या पेन्सिलीचा एक ठिपका द्यायच्या. सर तो ठिपका पाहून मार्क द्यायचे आणि मग खोडून टाकायचे. तीस वर्षं. कडक मास्तर म्हणून मिळालेल्या नावातलं अर्धं तिचं आहे, हे मी तिला ती असताना बोललो नाही, असं सरांनी सांगितलं आहे. आणि मध्येमध्ये तू कंसात लिहून ठेवलंस: (सर थांबले). (सर पाणी प्यायले). (सर थांबले). असे नऊ कंस आहेत. शेवटी काढून टाकायचे म्हणून ठेवले असशील. मी त्यांपाशी प्रत्येक वेळी थांबले. तीन ओळी फ्लॉपीच्या खराब भागात गेल्या, बाकी सगळं आलं.

गेल्या आठवड्यात ते छापून घेऊन मी वारज्याला गेले. दिगंबरराव आता तिथे एका सोसायटीत असतात, पंच्याहत्तर पार, वडिलांसारखाच हात थरथरतो. त्यांनी सोळाही पानं वाचली. मग म्हणाले, "आई पेपर वाचते हे आम्हा भावंडांना माहीत होतं. बाबांना ते सांगायचं होतं, हे माहीत नव्हतं." कंस काढू का विचारलं, तर म्हणाले, राहू द्या. मी त्यांना सांगितलं की आम्रपालीने सेव्ह केलं होतं, मशीनमध्येही आणि फ्लॉपीवरही. चूक माझी होती. कशी ते सांगितलं. माझी ती सवय तुला आठवते, मी दुपारी घरी जाताना सगळं काम माझ्या फ्लॉपीवर घेऊन जायची आणि सकाळी आल्यावर मशीनमधला फोल्डर पुसून माझ्या फ्लॉपीवरचा तिथे ठेवायची. एका कामाच्या दोन प्रती नकोत, घोळ होतो, असा माझा नियम. तू संध्याकाळी बदल केलेस तर चिठ्ठी ठेवायची, मग मी पुसत नसे. त्या दिवशी तुझी चिठ्ठी कीबोर्डखाली होती. मी ती संध्याकाळी, तू गेल्यावर पाहिली. हे सगळं ऐकून दिगंबररावांनी पानं जुळवून टेबलावर ठेवली. म्हणाले, त्या मुलीला मी वाईट बोललो. मग विचारलं, "तुम्हाला हे तेव्हा, त्या वेळी कळलं नव्हतं का?" मी म्हणाले, नाही. चिठ्ठी नंतर सापडली.

आम्रपाली, मला कळलं होतं. चिठ्ठी लागतच नव्हती. त्या सकाळी फोल्डर पुसताना मला त्यात "मुक्ताई" नावाची एक नवी फाइल दिसली होती. कुणाचं तरी काही राहिलं असेल म्हणून मी पुसली. दुपारी तू त्या बाकासमोर उभी राहून सेव्ह केलंय म्हणालीस, त्याच क्षणी मला ते नाव आठवलं. तुझ्यावर आरोप केला तेव्हा मला माहीत होतं. सीडीसाठी संध्याकाळपर्यंत थांबले नाही, कारण सीडी आली असती तर प्रकरण उघडलं असतं आणि मग ते मशीनमधून कुणी घालवलं हा प्रश्न आला असता. मी घाबरले, आणि तुझ्यावर ढकललं, कारण तुझ्यावर ढकललं तर ते लोक लगेच विश्वास ठेवतील हे मला ठाऊक होतं. ते "नीट माणसं" बोलले आणि मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मला याची लाज वाटते, तेव्हाही वाटली होती. तुझा टायपिंगचा फलक येरवड्याच्या चौकात मी दोनदा पाहिला आहे, रिक्षातून. उतरले नाही. आणि गेल्या आठवड्यात वारज्यात पुन्हा एकदा खोटं बोलले, तेही छापील प्रकरण हातात धरून. घरी आल्यावर दिगंबररावांना खरं काय ते लिहिलं, तू मला काय सांगितलं होतंस आणि मला काय माहीत होतं ते सगळं. सोबत तुझ्यासाठी सोळा पानं ठेवली आहेत, पहिल्या पानावर "सांगितले रंगनाथ, लिहून घेतले आम्रपाली" असं आहे. त्यांना दिलेल्या प्रतीतही तसंच आहे. तू क्षमा कर असं मी म्हणत नाही, उत्तर दे असंही नाही. फक्त एवढं सांगते, की दिगंबररावांचं पाकीट मी आज सकाळी आधी पेटीत टाकून आले आणि मगच तुला लिहायला बसले. उलट केलं असतं तर तुला लिहून माझं मन हलकं झालं असतं आणि त्यांचं पाकीट ड्रॉवरमध्येच राहिलं असतं. एवढी मी मला ओळखते.

तुझी (पुढचा "च" लिहायचा हक्क माझा नाही, म्हणून सोडला आहे),
श्यामला